तंजावरची मिशन शाळा आणि तिच्या दारातले पालक

तंजावरमध्ये मिशनच्या इंग्रजी शाळेत पहिल्यांदा जी मुले बसली, ती बहुतेक ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची होती. शाळा निघाली 1785 च्या सुमारास. कल्पना तंजावर दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जॉन सुलिव्हन याची, आणि ती अमलात आणली जर्मन लूथरन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याने. तंजावरप्रमाणेच रामनाथपुरम आणि शिवगंगा इथेही अशा शाळा निघाल्या. खर्चाला स्थानिक राजांनी हातभार लावला आणि 1787 मध्ये कंपनीच्या संचालकांनी प्रत्येक शाळेला वर्षाला 250 होन मंजूर केले. तंजावरच्या गादीवर तेव्हा व्यंकोजी भोसल्यांच्या वंशातले तुळजाजी होते.

या मुलांना त्यांच्या बापांनी शाळेत का घातले, याबद्दल श्वार्ट्झच्या मनात काही संभ्रम नव्हता. लंडनच्या धर्मप्रसारक मंडळीला त्याने सरळ कळवले की, ही मुले इंग्रजी शिकतात ती ऐहिक भल्यासाठी. शिकता शिकता त्यांची चांगल्या तत्त्वांशी ओळख होते, मात्र त्यांना धर्मात ओढण्यासाठी कोणतीही फसवी युक्ती वापरली जात नाही, असेही त्याने जोडले होते. त्यांना ईश्वराचे ज्ञान व्हावे ही आपली इच्छा त्याने लपवली नाही. पालकांना काय हवे ते शाळेला ठाऊक, शाळेला काय हवे ते पालकांना ठाऊक, आणि दोघांनी मिळून हा न लिहिलेला करार चालवलेला. ख्रिस्ती शाळा निवडणाऱ्या बिगरख्रिस्ती कुटुंबांचा पुढचा सगळा इतिहास या कराराच्या आत बसतो.

त्याआधीही या मुलखात मिशनच्या शाळा होत्या, पण वेगळ्या जातीच्या. तंजावरच्या नायक राजाने 1620 मध्ये डेन लोकांना दिलेल्या तरंगंबाडी बंदरात 1706 च्या जुलैत मिशनरी बार्तोलोमेउस त्सीगेनबाल्ग उतरला आणि वर्ष-दोन वर्षांतच तिथे मुलांच्या आणि मुलींच्या शाळा सुरू झाल्या. त्या धर्मादाय शाळा होत्या. मुले अनाथ किंवा नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतली, माध्यम मुख्यतः तमिळ, आणि शिकण्याबरोबर जेवण-कपड्यांचीही सोय. तिथे मूल पाठवणे हा पोटाचा आणि धर्माचा प्रश्न होता, दरबारी नोकरीचा नव्हे. बऱ्यापैकी घरातल्या मुलांसाठी ओट्यावरची गावशाळा होतीच. तमिळमध्ये तिला ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम’ म्हणतात. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची ही दक्षिणेतली बहीण. वाळूत अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे आणि पंतोजींना दक्षिणा द्यायची.

सुलिव्हनच्या शाळेने या दोन्हींपेक्षा निराळी गोष्ट देऊ केली, ती म्हणजे कंपनीच्या कचेरीत चालणारी भाषा. तिची किंमत पुढच्या पंधरा वर्षांत फार वाढली. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. दरबारच्या जमाबंदीत पिढ्यान्पिढ्या मोडीत हिशेब लिहिणाऱ्या देशस्थ घराण्यांचा धनी एका सहीने बदलला. मराठी दप्तर 1855 मध्ये राज्य खालसा होईपर्यंत चालू राहिले खरे, पण बढतीची वाट इंग्रजीतून जाऊ लागली. मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात पुढे मराठी नावांची जी गर्दी दिसते, तिचे एक कारण या घरांनी फार लवकर केलेला हा हिशेब आहे.

या निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द राजवाड्यातले आहे. तुळजाजींनी मृत्यूपूर्वी 1787 मध्ये नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांच्या सांभाळाची जबाबदारी श्वार्ट्झवर टाकली. कारभार हाती आलेल्या तुळजाजींच्या सावत्र भावाने, अमरसिंगाने, मुलाला जवळजवळ कोंडून ठेवले आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ केली. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रारी लावून धरल्या, आणि 1793 मध्ये सरफोजी मद्रासला हलवले गेले. तिथे त्यांच्या शिक्षणाकडे विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने लक्ष पुरवले. एका हिंदू राजाने आपला वारस मिशनऱ्याच्या हवाली करावा, यात श्रद्धेचा प्रश्न नव्हता. दरबारात आणि कंपनीत दोन्हीकडे ज्याचा शब्द खरा मानला जाई असा तंजावरात तो एकच माणूस होता, आणि तो मराठीही शिकलेला होता. आजचा पालक ‘सिस्टर लक्ष ठेवतात’ असे म्हणतो, तेव्हा तो याच जातीच्या विश्वासाबद्दल बोलत असतो.

श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी वारला, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. तंजावरच्या शिवगंगा बागेजवळच्या 1779 च्या चर्चमध्ये त्यांनी लंडनहून घडवून आणलेले स्मारक आहे. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन. संगमरवरात मरणशय्येवरचा श्वार्ट्झ, त्याचा हात हातात धरलेला तरुण राजा, उशाशी गेरिके आणि पायाशी घोळक्याने उभी शाळेतली मुले. थडग्यावरच्या शिळेसाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. शाळेने काय शिकवले याचा तो दगडावर कोरलेला दाखला मानायला हरकत नाही. मात्र सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यांनी बृहदीश्वर मंदिराची व्यवस्था पाहिली आणि 1820 च्या सुमारास मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली. गुरूवर इतके प्रेम आणि धर्मात तसूभरही फरक नाही, याचे मिशनऱ्यांना नवल वाटे आणि थोडे वाईटही. मराठी वाचकाला त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

शिवाय सरफोजी केवळ शाळेचे गिऱ्हाईक राहिले नाहीत. त्यांनी स्वतःची ‘नवविद्याकलानिधी’ शाळा काढली आणि ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात जेवणासह मोफत शिक्षणाची सोय केली. राजवाड्याच्या देवनागरी छापखान्यातून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात पहिल्या ओळीत बसणारे हे पुस्तक पुण्या-मुंबईत न छापता तंजावरात छापले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही पुरेशी सांगितली जात नाही. आणि याच राजाने कन्नंदंगुडी इथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या राहण्या-शिकण्याचा खर्च उचलला होता.

मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या आदेशावरून मद्रास इलाख्यात शाळांची मोजदाद झाली. तंजावरच्या कलेक्टरने 1823 मध्ये पाठवलेल्या अहवालात जिल्ह्यात 884 शाळा आहेत. त्यांतल्या 44 विनाशुल्क होत्या. या 44 पैकी 21 राजाच्या, 19 मिशनऱ्यांच्या आणि उरलेल्या चार देवस्थान वा खाजगी धर्मबुद्धीवर चालणाऱ्या. म्हणजे ज्यांना पंतोजींची दक्षिणा परवडत नव्हती त्यांच्यापुढे मुख्यतः दोनच दारे होती, व्यंकोजींच्या वंशजाचे आणि मिशनचे. राज्य खालसा झाल्यावर पहिले दार हळूहळू मिटत गेले, दुसरे उघडे राहिले. गरीब घरांनी मिशन शाळा निवडली असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण निवडायला दुसरे फारसे काही उरले नव्हते.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी अनुदानाची पद्धत आणली आणि मिशन शाळांचा पाया पक्का झाला. सेंट पीटर्स ही तंजावरची शाळा आपली परंपरा श्वार्ट्झपर्यंत नेते. एकोणिसाव्या शतकात तिथे कॉलेजचेही वर्ग भरत. कॅथलिक बाजूला जेझुइटांनी 1844 मध्ये नागपट्टणमला सेंट जोसेफ कॉलेज काढले, ते 1883 मध्ये तिरुचिरापल्लीला गेले. हिंदू पुढाकारातून कल्याणसुंदरम, वीरराघव अशा शाळा उभ्या राहिल्यावर तंजावरच्या पालकाला खऱ्या अर्थाने निवड करता येऊ लागली.

धर्मांतराच्या भीतीचे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न तंजावरपेक्षा जास्त पेटला. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि वर्ग ओस पडले. 1843 मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने बापाच्या ताब्यात दिले, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून बाळशास्त्री जांभेकरांसकट सारे शहर वादात ओढले गेले. तरीही वर्ग पुन्हा भरले. पुण्यात जोतीराव फुल्यांना वडील गोविंदरावांनी 1841 मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातले, तेही शेजारच्या मुनशी गफार बेग आणि लिजिट साहेब यांच्या सांगण्यावरून. जोतीराव तिथून बाहेर पडले ते ख्रिस्ती होऊन नव्हे, तर 1848 मध्ये स्वतः मुलींची शाळा काढण्याच्या तयारीने. भीती खरी होती, पण बहुतेक पालकांनी ती घरच्या संस्कारांच्या भरवशावर पत्करली.

ही भीती आजही गेलेली नाही. तंजावर जिल्ह्यात 2022 च्या जानेवारीत ख्रिस्ती शाळेच्या वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर सक्तीच्या धर्मांतराचा आरोप झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तपास सीबीआयकडे सोपवला, आणि काही आठवडे जिल्ह्यातल्या शाळांपेक्षा टीव्हीच्या पडद्यावर जास्त शाळा भरली. अशा गदारोळात एक साधी तरतूद विसरली जाते. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची लागते. म्हणून बहुतेक शाळांत ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि बाकीची ‘मूल्यशिक्षणा’च्या. सकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांची, आणि ती पालकांना खटकत नाही. वेलंकण्णीच्या मातेला नवस बोलणाऱ्या, पूंडी मातेच्या यात्रेला जाणाऱ्या हिंदू घरांना मेरीची तसबीर परकी वाटण्याचे कारणही नाही.

जातीचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे, आणि त्याबद्दल मिशनच्या चाहत्यांत सोयीची शांतता असते. तंजावरच्या चर्चमध्ये उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जाती वेगळ्या बसत. श्वार्ट्झचा शिष्य आणि सरफोजींच्या दरबारातला कवी वेदनायक शास्त्री याने 1820 च्या दशकात जातिभेद मोडू पाहणाऱ्या नव्या मिशनऱ्यांशी उघड भांडण मांडले. 1833 मध्ये कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने चर्चमधून जात हद्दपार करण्याचे फर्मान काढले, तेव्हा तंजावरची मंडळी फुटली. शाळाही यातून सुटल्या नाहीत. तरीही ज्या दलित घरांना गावशाळेच्या ओट्यावर चढायचीही मुभा नव्हती, त्यांना मिशनच्या शाळेत निदान बाक मिळाला. बाक कोणत्या रांगेत, हा पुढचा झगडा. या घरांसाठी ख्रिस्ती शाळा हे शिक्षणाबरोबर माणूस म्हणून हजेरी लागण्याचे ठिकाण होते, आणि म्हणूनच अशा अनेक घरांत शाळेची निवड आणि धर्माची निवड एकाच पिढीत झाली.

आजच्या तंजावरात या शाळा कॅथलिक धर्मप्रांताच्या, दक्षिण भारत चर्चच्या, लूथरन चर्चच्या आणि निरनिराळ्या भगिनीसंघांच्या आहेत. कॅथलिक धर्मप्रांत 1952 मध्ये स्थापन झाला. पालकाच्या दृष्टीने मात्र पंथ गौण. महत्त्वाचा फरक अनुदानित आणि विनाअनुदानित हा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते, तमिळ माध्यमाला फी नाही आणि पहिल्या पिढीचे शिकणारे तिथे येतात. विनाअनुदानित मॅट्रिक्युलेशन शाळेत माध्यम इंग्रजी, फी भरावी लागते आणि पालक मुख्यतः नोकरदार वा दुकानदार. 2010 च्या कायद्याने तमिळनाडूने सर्व राज्य मंडळांना ‘समच्चीर कल्वी’ हा एकच अभ्यासक्रम लावला. पुस्तके तीच झाल्यावर पालक पैसे मोजतो ते माध्यमाचे आणि वळणाचे.

‘वळण’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा, कारण पालकांच्या तोंडी ‘शिस्त’ असते. शिस्तीत बऱ्याच गोष्टी येतात. वेळेवर घंटा, शिक्षक वर्गात हजर, वही तपासलेली, गैरहजेरीची चिठ्ठी घरी. सकाळी साडेआठच्या सुमारास तंजावरच्या कोणत्याही मुलींच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी उभे राहिले की हे डोळ्यांनी दिसते. शेअर रिक्षातून सात-आठ मुली उतरतात, दोन वेण्या दुमडून रिबिनीने बांधलेल्या, कपाळावर विभूतीची ताजी रेघ. फाटकातली सिस्टर एकीच्या सुटलेल्या रिबिनीकडे नुसती बोट दाखवते आणि ती मुलगी तिथेच उभी राहून गाठ मारते. रस्त्याच्या कडेला मोपेडवर बसलेली आई हे पाहते आणि मगच गाडी सुरू करते.

मुलींच्या बाबतीत हा भरवसा आणखी वजनदार ठरतो. केवळ मुलींची शाळा, बाया शिक्षिका आणि वसतिगृहावर सिस्टरांची नजर. कावेरीच्या खालच्या अंगाच्या खेड्यांत आठवीनंतर मुलीला लांबच्या मिश्र शाळेत पाठवायला बाप कचरतो, तिथे भगिनीसंघाची शाळा असेल तर ती दहावी-बारावीपर्यंत पोहोचते. सिस्टरांच्या शिस्तीत जाच असतो अशी तक्रार मुली पुढे मोठ्या झाल्यावर करतात, आणि ती पुष्कळदा रास्त असते. पण शाळा निवडताना मुलीला कोणी विचारलेले नसते.

इमारतीचा मुद्दा तंजावर जिल्ह्यात विशेष बोचरा आहे. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणममध्ये अरुंद गल्लीतल्या एका खाजगी शाळेला आग लागली आणि 94 मुले जळून मेली. एकाच इमारतीत अनेक वर्ग कोंबलेले, वर झावळ्यांचे छप्पर आणि जायला-यायला चिंचोळा जिना. स्वस्तात इंग्रजी विकणाऱ्या शाळांचा धंदा कुठे जातो ते त्या दिवशी दिसले. पुढे राज्यभर शाळांवरची झावळ्यांची छपरे उतरवण्याचे हुकूम निघाले. मिशनच्या जुन्या शाळांना एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या जागा ऐसपैस आहेत. दगड-विटांच्या भिंती, रुंद व्हरांडे, मधोमध मैदान आणि झाडे. नव्या शाळेला कितीही भांडवल असले तरी गावाच्या मध्यावर असे मैदान आता विकत मिळत नाही.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने अल्पसंख्याक शाळांचा आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध केला. देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्ती सुमारे साडेअकरा टक्के, पण अल्पसंख्याक शाळांपैकी जवळपास 72 टक्के त्यांच्या, आणि या ख्रिस्ती शाळांतली 74 टक्के मुले ख्रिस्ती नाहीत. आयोगाचा रोख या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून मिळालेल्या सवलतीवर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातले दुर्बल घटकांसाठीचे 25 टक्के राखीव प्रवेश लागू नाहीत. त्यामुळे गरीब हिंदू पालकाला ख्रिस्ती शाळेत फी न भरता शिरायची ती वाट बंद आहे. त्याला अनुदानित शाळा गाठावी लागते किंवा फादरांची भेट घ्यावी लागते.

ख्रिस्ती कुटुंबांची कारणे मात्र निराळी, आणि एवढ्या गर्दीत ती ऐकूच येत नाहीत. तमिळनाडूत ख्रिस्ती सहा टक्क्यांच्या आसपास. राज्यघटनेच्या कलम 30 ने त्यांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क दिला, तो मुलांना आपल्यातले वातावरण मिळावे म्हणून. मुलाचा पहिला प्रसाद, नाताळचे नाटक, रविवारच्या शाळेतलेच मित्र हे सारे त्यात येते. शिवाय प्रवेशात थोडे झुकते माप आणि पुढे त्याच संस्थांत शिक्षक म्हणून नोकरी मिळण्याची आशा. शाळा जितकी नावाजते तितक्या तिच्या जागा बाहेरच्यांनी भरतात, आणि तिथल्याच चर्चमधल्या गरीब घराला वाटते की आपल्या नावाच्या शाळेत आपणच मागच्या बाकावर गेलो.

तंजावरच्या मराठी घरांचा हिशेब या सगळ्यात छोटा आहे, पण लांबलचक. घरी बोलली जाणारी तंजावरी मराठी आता शाळेत कुठेच शिकवली जात नाही. ती सरस्वती महाल ग्रंथालयाच्या मोडी रुमालांत आहे, स्वयंपाकघरात आहे, लग्नातल्या मंत्रांनंतरच्या गप्पांत आहे. 2006 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत पहिलीपासून तमिळ सक्तीचे केले. अशा घरातले मूल घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी बोलते. मराठी वाचायला शिकायचे तर आजोबांकडून, आणि तेही बहुधा ते जिवंत असेपर्यंतच. पुण्यात ‘कॉन्व्हेंटमुळे मराठी मरते’ अशी ओरड होते. इथे मात्र कॉन्व्हेंट येण्याआधीच मराठीचे काम संपले होते, त्यामुळे कॉन्व्हेंटच्या नावाने बोटे मोडायला कोणी शिल्लक नाही.

अलीकडच्या काही वर्षांत सरकारी योजनांनी पालकांची गणिते पुन्हा हलवली आहेत. 2020 मध्ये तमिळनाडूने वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी राखल्या. अनुदानित मिशन शाळांतली तितकीच गरीब मुले त्यातून वगळली गेली. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना महिना 1000 रुपये देणारी ‘पुदुमै पेण्’ योजनाही आधी सरकारी शाळांपुरतीच होती. ती 2024-25 पासून अनुदानित शाळांच्या तमिळ माध्यमाला लागू झाली. सकाळच्या न्याहारीची योजना 2025 च्या ऑगस्टमध्ये शहरी अनुदानित प्राथमिक शाळांपर्यंत आली. पाचवी संपवणाऱ्या हुशार मुलीच्या आईबापांना म्हणून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न सोडवावा लागतो. डॉक्टरकीची अंधुक शक्यता धरून तिला सरकारी शाळेत हलवायचे, की सिस्टरांच्या फाटकातच राहू द्यायचे. निर्णय सहावी सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो.